उच्चदाब केबलींतील निरोधक द्रवांवर तापमानाचा परिणाम

उच्चदाब केबल, तिची टोके आणि तिला जोडलेली रोहित्रे यांत विद्युत् निरोधनासाठी तेले व अन्य द्रव वापरतात. या द्रवांचे गुणधर्म तापमानानुसार बदलतात. तापमान वाढले की द्रव पातळ होतो, प्रसरण पावतो, त्यातील विद्युत् ऱ्हास वाढतो, अधिक पाणी विरघळवून घेण्याची त्याची क्षमता वाढते आणि तो अधिक वेगाने जुना होतो. तापमान उतरले की पहिले चारही बदल उलट दिशेने होतात. जुनेपणा मात्र परतत नाही. केबलीला धोका उष्णतेचा असतो, ही समजूत सर्वसाधारणपणे बरोबर असली तरी अपुरी आहे. तापलेले द्रव थंड होत असताना त्यांत पोकळ्या निर्माण होतात व विरघळलेले पाणी बाहेर पडू लागते, त्यामुळे बिघाडाची सुरुवात अनेकदा थंड होण्याच्या काळात होते.

महाराष्ट्रात असे द्रव मुख्यत्वे तीन ठिकाणी आढळतात : मुंबईसारख्या शहरातील जुन्या तेलभरित केबली, नव्या प्लास्टिक निरोधनाच्या केबलींची द्रवभरित टोके, आणि गावोगावची रोहित्रे. पहिले दोन प्रकार सामान्य माणसाच्या नजरेस क्वचितच पडतात. तिसरा प्रत्येक वस्तीत असतो. कडक उन्हाळा, अतिवृष्टी आणि डोंगरउतार ही तिन्ही एकत्र असलेला रायगड जिल्ह्याचा अंतर्भाग, म्हणजे महाड व पोलादपूर हे तालुके, या परिणामांचे स्वरूप समजून घेण्यास सोयीचे उदाहरण आहेत.

द्रवाची गरज

कागद हा स्वस्त आणि टिकाऊ निरोधक आहे. परंतु तो सच्छिद्र असून हवेतील ओलावा सहज शोषतो. सेबास्टियन फेरांटी यांनी १८९०च्या सुमारास डेप्टफर्ड येथील वीजकेंद्रापासून लंडन शहरात १० किलोव्होल्ट दाबाची केबल नेली, तेव्हा त्यांनी मेण मुरवलेला कागद वापरला होता. पुढे मेणाची जागा दाट तेलाने घेतली. तेलात भिजवलेला कागद शिशाच्या आवरणात बंद करून तयार केलेली केबल ३३ किलोव्होल्टपर्यंत उत्तम चालते. त्यावरील दाबाला मात्र तिच्यात वरचेवर बिघाड होऊ लागले, आणि कारण शोधता तापमानाचा संबंध पुढे आला.

दिवसा भार वाढला की संवाहक तापतो, तेल फुगते आणि शिशाचे आवरण ताणले जाते. शिसे मऊ असल्याने ताण गेल्यावरही ते पूर्ववत आकसत नाही. रात्री भार उतरतो, तेल आकसते, आणि वाढलेल्या आवरणाच्या आत ते पुरे पडत नाही. उरलेल्या जागेत कागदाच्या पदरांमध्ये सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. पोकळीतील विरळ वायूवर पडणारा विद्युत् ताण सभोवतालच्या तेलकागदावरील ताणाच्या सुमारे साडेतीन पट असतो, आणि तो सहन करण्याची वायूची क्षमता मात्र तेलकागदाच्या तुलनेने फारच कमी असते. परिणामी पोकळीत बारीक ठिणग्या उडत राहतात. या क्रियेस आंशिक विसर्जन म्हणतात. एका रात्रीत काही होत नाही. पण काही वर्षांत कागद कोळपत जातो आणि एके दिवशी निरोधन आरपार फुटते.

यावरचा उपाय इटलीतील पिरेली कंपनीचे अभियंते लुइजी एमानुएली यांनी शोधला. त्यांनी दाट तेलाऐवजी पातळ तेल घेतले, संवाहकाच्या मध्यभागी पोकळ नळी ठेवली आणि ती नळी केबलीबाहेरील तेलटाक्यांना जोडली. तेल फुगले की टाकीत जाते, आकसले की टाकीतून परत येते. केबलीत पोकळी राहतच नाही. १९२४ मध्ये इटलीत १३२ किलोव्होल्टवर या केबलीची चाचणी झाली आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्क व शिकागो येथे ती प्रत्यक्ष वापरात आली. तेलभरित केबलीचा हा मूळ आराखडा पुढील अर्धशतक जगभर टिकून राहिला.

त्याच काळात मुंबईला सह्याद्रीतून वीज येऊ लागली होती. टाटा समूहाची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे सर्व आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. डोंगरातून शहराच्या वेशीपर्यंत वीज उघड्या तारांनी येई. दाट वस्तीत मात्र मनोरे उभारण्यास जागा नसल्याने भूमिगत केबलींची गरज पडली. मुंबईच्या ११० किलोव्होल्ट जाळ्यात त्यासाठी तेलभरित केबली वापरल्या गेल्या. अलीकडच्या दशकांत त्यांची जागा जोडबंध पॉलिएथिलीन या प्लास्टिकचे निरोधन असलेल्या केबली घेत आहेत. या केबलीच्या अंगात द्रव नसतो. तिच्या टोकाशी, म्हणजे केबल जमिनीतून वर येऊन उघड्या तारेला जोडली जाते तेथील उभ्या पोकळ निरोधकात मात्र बहुधा द्रवच भरलेला असतो.

वापरले जाणारे द्रव

खनिज तेल हे सर्वांत जुने व स्वस्त. भारतीय मानक आयएस ३३५ नव्या खनिज निरोधक तेलासाठी असून वापरातील तेलाच्या देखभालीसाठी आयएस १८६६ ही संहिता आहे. तेलभरित केबलींत खनिज तेलामागून अल्किलबेंझीन हा संश्लिष्ट द्रव आला. विद्युत् ताणाखाली सुटणारे वायू शोषून घेण्याचा त्याचा गुण केबलीला विशेष उपयुक्त ठरला. केबलीच्या टोकांत सिलिकोन तेल किंवा पॉलिब्यूटीन भरतात. वनस्पती तेलांपासून आणि संश्लिष्ट रीतीने मिळणारी एस्टर ही सध्या रोहित्रांत वाढत्या प्रमाणात वापरली जातात. त्यांचा अग्निबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. खनिज तेलाचा प्रज्वलनांक सुमारे १४० अंशांच्या आसपास असतो, हे लक्षात घेता हा फरक मोठा आहे.

श्यानता

द्रवाच्या दाटपणाला, म्हणजे वाहण्यास होणाऱ्या विरोधाला, श्यानता म्हणतात. तापमानाबरोबर सर्वांत झपाट्याने बदलणारा गुणधर्म हाच. आयएस ३३५ च्या १९९३ च्या आवृत्तीत २७ अंशांना तेलाची श्यानता २७ सेंटिस्टोकपेक्षा अधिक नसावी अशी अट होती. आंतरराष्ट्रीय मानक ४० अंशांना १२ सेंटिस्टोकची मर्यादा घालते. तेच तेल १०० अंशांना दोन-तीन सेंटिस्टोकवर, म्हणजे जवळजवळ रॉकेलाइतके पातळ होते. तर उणे ३० अंशांना त्याची श्यानता हजाराच्या वर जाऊ शकते. कोकणात हे दुसरे टोक कधीच येत नाही. थंड देशांतील अभियंत्यांना सतावणारा तेल गोठण्याचा प्रश्न इथे उद्भवत नाही, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांतील त्या प्रकरणांचा येथील वाचकाला फारसा उपयोग नाही.

सिलिकोन तेल याबाबतीत स्थिर असते. २५ अंशांना ५० सेंटिस्टोक असलेले सिलिकोन तेल १०० अंशांनाही सुमारे १५ सेंटिस्टोक राहते. पॉलिब्यूटीन याच्या अगदी उलट : थंडीत ते मधासारखे दाट होते, म्हणून टोकात भरण्यापूर्वी ते गरम करून घ्यावे लागते.

पातळ द्रव चांगला की दाट, याचे एकच उत्तर नाही. पातळ द्रव कागदात नीट मुरतो, वाहताना उष्णता वाहून नेतो आणि टाकीतून केबलीत चटकन पोहोचतो. दाट द्रव आवरणाला छिद्र पडल्यास लवकर गळत नाही. तेलभरित केबलीत आणखी एक मुद्दा येतो. भार अचानक उतरला की केबलीचे तेल आकसू लागते आणि टाकीतील तेलाला कित्येक शे मीटर अरुंद नळीतून धावत जावे लागते. त्या वेळी तेल थंड होऊन दाट होऊ लागलेले असल्याने ते हळू पोहोचते, आणि टाकीपासून सर्वांत दूरच्या भागात दाब काही काळ कमी पडतो. टाक्या किती अंतरावर ठेवायच्या हे केबल तापताना होणाऱ्या दाबवाढीवरून जितके ठरते तितकेच ती थंड होताना होणाऱ्या या दाबघटीवरून ठरते.

प्रसरण आणि दाब

खनिज तेलाचे आकारमान दर अंशामागे सुमारे ०.०७५ टक्के वाढते, सिलिकोन तेलाचे सुमारे ०.१ टक्का. आकडे लहान दिसतात, पण १,००० लिटर खनिज तेल ४० अंशांनी तापले तर ३० लिटर जादा जागा मागते. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने ही जागा दिली नाही तर दाब इतका वाढतो की धातूचे आवरणही फाटते.

केबलीच्या बंद टोकात ही जागा द्रवाच्या वर ठेवलेल्या वायूच्या थराने मिळते. समजा, एका टोकात १०० लिटर सिलिकोन तेल आणि त्यावर २० लिटर हवा आहे. तापमान २० वरून ६० अंशांवर गेले, तर तेल ४ लिटर फुगते, हवा १६ लिटरमध्ये कोंबली जाते आणि स्वतःही तापते. आतील निरपेक्ष दाब सुमारे १.४ पट होतो; निरोधक तो सहज सोसतो. आता त्याच टोकात भरणाऱ्याने हात सैल सोडून २० ऐवजी ६ लिटरच हवा ठेवली, तर तीच ४ लिटर वाढ हवेला २ लिटरमध्ये दाबते आणि दाब ३.४ पटीवर जातो. येथे सांधे गळू लागतात. म्हणूनच टोक भरताना द्रवाची पातळी त्या दिवसाच्या तापमानानुसार ठरवावी लागते. पावसाळ्यातील २४ अंशांच्या सकाळी जी पातळी योग्य असते, ती मे महिन्यातील दुपारी भरताना कमी पडलेली असते. कारण त्या वेळी द्रव आधीच फुगलेला असून संध्याकाळी तो खाली उतरणार असतो. टोकाच्या वरच्या भागात जेथे विद्युत् ताण असतो तेथे द्रवाऐवजी हवा आली, तर वर सांगितलेल्या आंशिक विसर्जनास निमंत्रण मिळते.

तेलभरित केबलीत प्रसरणाच्या दाबाबरोबर उंचीमुळे येणारा स्थिर दाबही मोजावा लागतो, आणि डोंगराळ मुलखात तो फार मोठा असतो. तेलाच्या एक मीटर उंच स्तंभामुळे सुमारे ०.०८५ बार दाब येतो. शिशाच्या आवरणाची तेलभरित केबल साधारण पाच बारपर्यंतचा अखंड दाब सोसते, असे धरले तर जास्तीत जास्त ६० मीटर चढ चालेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता १,२०० मीटरांहून अधिक चढतो. अशी केबल या घाटाने अखंड नेली असे कल्पिले, तर पायथ्याशी तेलाचा दाब १०० बारच्या वर जाईल. प्रत्यक्षात म्हणून चढावर ठरावीक उंचीवर तेल अडवणारे सांधे बसवून केबलीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र टाकी देतात. तापमानही उंचीबरोबर बदलते : सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी ते उतरते, म्हणजे घाटमाथा पायथ्यापेक्षा सुमारे आठ अंशांनी थंड. वरच्या तुकड्यांतील तेल नेहमीच खालच्यापेक्षा दाट असणार. सह्याद्रीचा उतार चढून जाण्याचे काम उघड्या तारांवरच सोपवले जाते, त्यामागे खर्चाबरोबर हाही अडसर आहे.

विद्युत् ऱ्हास

प्रत्यावर्ती दाबाखालील कोणत्याही निरोधकात थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते. तिचे मान ऱ्हासगुणकाने दाखवतात. स्वच्छ तेलात हा गुणक अत्यल्प असतो. पण तेलात विरघळलेली आम्ले, क्षार व अन्य आयन तापमानाबरोबर अधिक चपळ होतात आणि गुणक झपाट्याने वाढतो. तेलाची चाचणी म्हणूनच सामान्य तापमानाऐवजी ९० अंशांना करतात : थंड असताना निर्दोष दिसणाऱ्या तेलाचे खरे रूप गरम केल्यावर प्रकट होते.

ही उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ११० किलोव्होल्टवर ती किरकोळ असते. अन्य बाबी तशाच ठेवून दाब ४०० किलोव्होल्ट केला, तर ती सुमारे १३ पट होते आणि भार शून्य असतानाही केबल तापलेली राहते. येथे एक घातक चक्र संभवते. तापमान वाढले म्हणून ऱ्हास वाढतो, ऱ्हास वाढला म्हणून तापमान आणखी वाढते. सभोवतालची माती ती उष्णता जोवर वाहून नेते तोवर समतोल टिकतो. माती थकली की तापमान थांबत नाही आणि निरोधन जळते. कागदाच्या जोडीला पॉलिप्रोपिलीनचा पातळ पापुद्रा वापरून तयार केलेल्या निरोधनात हा ऱ्हास बराच कमी होतो. अतिउच्च दाबाच्या तेलभरित केबलींत ते यासाठीच स्वीकारले गेले.

मातीचा भाग

भूमिगत केबलीची उष्णता शेवटी मातीतूनच बाहेर जाते. भारतातील केबलींचे भारतक्ते जमिनीचे तापमान ३० अंश, हवेचे ४० अंश आणि मातीचा औष्णिक रोध १.५ केल्विन-मीटर प्रति वॉट असे गृहीत धरून बनवलेले असतात. कोकणात जून ते सप्टेंबर माती चिंब असते आणि हा रोध गृहीत मूल्याच्या पुष्कळ खाली असतो. केबलीला तो सुखाचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत खडकाळ मुरूम कोरडा पडतो, त्यातील पोकळ्यांत हवा भरते आणि रोध वाढतो. विजेची मागणीही तेव्हाच अधिक असते. केबलीलगतची माती तिच्या उष्णतेने आणखी सुकते, ही वेगळीच अडचण. चरात केबलीभोवती निवडक वाळू किंवा सिमेंटमिश्रित भर टाकण्याची पद्धत यासाठी आहे.

हवेचे गृहीतकही नेहमी खरे ठरत नाही. २०१७ च्या मार्च अखेरीस रायगड जिल्ह्यातील भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. संवाहकाची मर्यादा ९० अंश धरल्यास, हवा ४० ऐवजी ४६ अंश असताना हवेत टाकलेल्या केबलीची भारक्षमता सुमारे ६ टक्क्यांनी घटते.

तेलातील पाणी

कोकणाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. तेल आणि पाणी मिसळत नाहीत असे म्हटले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. खनिज तेलात पाणी अत्यल्प प्रमाणात विरघळते आणि ती मर्यादा तापमानाबरोबर भराभर वाढते. दर दशलक्ष भागांत मोजल्यास २० अंशांना सुमारे ५५, ४० अंशांना १२०, ६० अंशांना २४० आणि ८० अंशांना ४५० भाग पाणी तेलात सामावते. तेलाची विद्युत् ताण सोसण्याची क्षमता पाण्याच्या एकूण मात्रेपेक्षा, ती मात्रा त्या तापमानाच्या मर्यादेच्या किती टक्के आहे यावर अवलंबून असते. या टक्केवारीस सापेक्ष संपृक्तता म्हणतात. हवेतील सापेक्ष आर्द्रतेसारखीच ही कल्पना आहे.

एका रोहित्रातील ६० अंश तापलेल्या तेलात दशलक्ष भागांत ६० भाग पाणी आहे असे समजा. त्याची सापेक्ष संपृक्तता २५ टक्के, म्हणजे काळजीचे काही नाही. वीज गेली आणि तेल २५ अंशांपर्यंत थंड झाले. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसताना मर्यादा आता ६८ वर आलेली असते आणि संपृक्तता ८८ टक्के होते. तेलात कागदाचे तंतू किंवा धूळ असेल तर ते हे पाणी पकडतात, विद्युत् क्षेत्राच्या दिशेने रांगेत उभे राहतात आणि ठिणगीला पूल बांधून देतात.

बंद तेलभरित केबलीत बाहेरची हवा शिरत नाही, त्यामुळे तिचे तेल वर्षानुवर्षे कोरडे राहू शकते. रोहित्राचे तसे नाही. त्याच्या तेलाच्या वर हवा असते. तेल तापून फुगले की ती बाहेर पडते, थंड होऊन आकसले की बाहेरची हवा आत येते. याला रोहित्राचा श्वास म्हणतात. आत येणारी हवा सिलिका जेलच्या खड्यांवरून नेलेली असते. ३० अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत दर घनमीटरमागे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. १,००० लिटर तेलाचे तापमान रोज २० अंशांनी वरखाली होते असे धरल्यास रोज १५ लिटर हवा आत येते आणि ९० टक्के आर्द्रतेला तिच्यात सुमारे ०.४ ग्रॅम पाणी असते. खडे निकामी झाले असतील आणि हे सर्व पाणी तेलातच राहिले, तर चार महिन्यांच्या पावसाळ्यात तेलाच्या दर दशलक्ष भागांत सुमारे ५५ भागांची भर पडेल. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे, कारण पाण्याचा बराचसा वाटा कागद शोषतो. पण कागदात गेलेले पाणी नाहीसे झालेले नसते. तेल तापले की ते कागदातून तेलात येते, आणि ते लवकर येते. तेल थंड झाल्यावर परत कागदात शिरायला मात्र त्याला फार वेळ लागतो. या दिरंगाईच्या काळात तेल सर्वांत धोकादायक स्थितीत असते.

निळे खडे ओलाव्याने गुलाबी होतात. नव्या प्रकारात नारिंगी खडे हिरवट होतात. रोहित्राची प्रकृती जमिनीवरून पाहून सांगता येईल अशी ही एक खूण म्हणावी लागेल.

महाड व पोलादपूर येथील परिस्थिती

महाड शहर सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याच्या सखल भागात वसले आहे. शहरालगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे रासायनिक कारखाने आहेत. पोलादपूर सावित्रीच्याच खोऱ्यात, अधिक आत आणि डोंगराला भिडलेले आहे. दोन्ही गावांवरून मुंबई–गोवा महामार्ग जातो. वार्षिक पाऊस ३,००० मिलीमीटरांच्या वर असतो आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत पडतो.

निरोधक द्रवांच्या दृष्टीने या भागाचे वर्ष दोन विरुद्ध ऋतूंत विभागले जाते. मार्च ते मे तेल तापते, पातळ होते, त्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. पाण्याची भीती त्या मानाने कमी. जून ते सप्टेंबर तेल निवते, पण हवा सतत ओली असते, ढगाळ दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसला तरी वीज वारंवार गेल्याने तेल पुनःपुन्हा तापत व थंड होत राहते. वीज जाणे हा ग्राहकाला होणारा त्रास आहेच, शिवाय तो रोहित्राला बसणारा थंडीचा झटकाही आहे.

या दुसऱ्या ऋतूचे टोकाचे रूप २२ जुलै २०२१ रोजी दिसले. महाबळेश्वरला त्या सुमारास २४ तासांत ५९० मिलीमीटरांहून अधिक पाऊस झाला, सावित्रीला महापूर आला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. रस्ते तुटले आणि वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी दवाखाने, पाणीयोजना व मदतकार्य यांना वीज तातडीने हवी असते, आणि नेमक्या त्याच वेळी निरोधक तेल सर्वांत थंड व सर्वांत ओले असण्याची शक्यता असते. पुराचे पाणी रोहित्राच्या श्वसनमार्गापर्यंत चढले असेल, तर आतील तेल आकसताना हवेऐवजी पाणीच ओढून घेते. विरघळण्याच्या मर्यादेपलीकडचे पाणी तेलापेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. वरून घेतलेला नमुना म्हणूनच फसवा ठरतो आणि नमुना तळाच्या तोटीतून घ्यावा लागतो.

बुडालेले साधन पुन्हा सुरू करण्यापूर्वी मेगरने निरोधनरोध मोजतात. येथेही तापमान चकवते. निरोधनरोध दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मा होतो. थंड सकाळी आलेला समाधानकारक आकडा गरम अवस्थेत तितका राहत नाही, आणि उन्हाळ्यातील जुन्या नोंदीशी पावसाळ्यातील नोंद तशीच ताडून पाहणे चुकीचे आहे. ओले तेल फिरत्या यंत्रात सुमारे ६० अंशांपर्यंत तापवून निर्वातात गाळतात : उष्णतेने पाणी कागदातून व तेलातून सुटते आणि निर्वात ते ओढून घेतो. याहून फार अधिक तापवल्यास तेलाचे हलके घटक उडून जातात. नंतर शक्य असेल तेथे रोहित्र काही काळ बिनभार चालवून तेल सावकाश कोमट होऊ देतात आणि मगच भार चढवतात. घाईच्या वेळी वगळली जाते ती बहुधा हीच पायरी.

जीर्णन

तापमानाचा न परतणारा परिणाम म्हणजे निरोधनाचे जुने होणे. अमेरिकी अभियंता मॉन्टसिंगर यांनी १९३० मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार तापमान दर आठ अंशांनी वाढले की निरोधनाचे आयुष्य निम्मे होते. रोहित्रांच्या सध्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत साध्या कागदासाठी हा आकडा सहा अंश धरला आहे, आणि संदर्भ तापमान ९८ अंश. म्हणजे सर्वांत तप्त बिंदू ११० अंशांवर गेला तर कागद चौपट वेगाने झिजतो. कागदातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटत जातात. नव्या कागदात हजाराच्या आसपास असलेली त्यांची सरासरी लांबी दोनशेवर आली की कागदात बळ उरत नाही. तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ले बनतात, शेवटी साका बसतो आणि तेल वाहण्याचे मार्गच अरुंद होतात. पाणी आणि आम्ल दोन्ही कागदाच्या झिजेला गती देतात, आणि कागद झिजताना पुन्हा पाणीच निर्माण होते. तेल बदलता किंवा गाळता येते. कागद बदलता येत नाही. साधनाचे आयुष्य म्हणजे त्यातील कागदाचे आयुष्य, असे म्हणतात ते यामुळे.

एकदिश दाबाच्या केबली

एकदिश दाबाखाली परिस्थिती वेगळी असते. तेथे विद्युत् ताणाची वाटणी निरोधनाच्या संवाहकतेवर ठरते आणि संवाहकता तापमानाबरोबर वाढते. भाराखाली आतील थर गरम होऊन अधिक संवाहक बनतात, त्यांच्यावरील ताण घटतो आणि बाहेरच्या थंड थरांवर चढतो. म्हणजे थंड केबलीत जेथे ताण सर्वांत कमी असतो तेथेच तो सर्वांत अधिक होऊ शकतो. दाट द्रव मुरवलेल्या कागदाच्या समुद्री केबलींत संवाहकाचे तापमान ५०–५५ अंशांपुरते मर्यादित ठेवतात. १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गोटलंड बेटापर्यंत टाकलेली १०० किलोव्होल्टची केबल ही या प्रकारातील अग्रणी. या केबलींना भार एकाएकी उतरवणे हे भार चढवण्यापेक्षा अधिक जोखमीचे असते, कारण थंड होताना संवाहकालगत पोकळ्या पडतात.

तापमान आणि चाचण्या

तेलाची भेदनचाचणी २.५ मिलीमीटर अंतरावरील दोन विद्युत् अग्रांमध्ये दाब वाढवत नेऊन करतात. नमुना घेताना तेलाचे तापमान नोंदवले नसेल, तर या चाचणीच्या निष्कर्षाचा अर्थ लावता येत नाही. ७० अंशांच्या रोहित्रातून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत २७ अंशांना तपासला जातो तेव्हा त्याची सापेक्ष संपृक्तता मूळच्या कितीतरी पट झालेली असते. उलट बंद थंड रोहित्रातून काढलेले तेल कोरडे दिसते, कारण त्याचे पाणी कागदात दडलेले असते. त्यामुळे भाराखाली काही दिवस स्थिर तापमानाला असलेल्या साधनातून नमुना घेणे श्रेयस्कर मानतात. तेलभरित केबलीत याच्या जोडीला टाक्यांतील दाबाची सतत नोंद ठेवतात. रोजच्या तापमानाबरोबर दाब चढतो व उतरतो. हा चढउतार नेहमीसारखा असून दाबाची पातळी मात्र दिवसेंदिवस किंचित खाली सरकत असेल, तर कोठेतरी आवरणाला गळती लागलेली असते.